रियुनियनचे साडेतीन लाख आणि ऑर्थोतल्या मुली: गोल्ड मेडल सोडून काय करता येईल?

हाडांची_बाई (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आमच्या एमबीबीएस बॅचचं रियुनियन झालं, सोलापुरात होटगी रोडच्या एका लॉनवर. जेवणं झाली, गाणी झाली, आणि शेवटी कुणीतरी उठलंच की बॅचकडून कॉलेजसाठी काहीतरी करू या. तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर आकडे पडायला लागले आणि रात्री साडेअकरापर्यंत साडेतीन लाख झाले. पैसे आता माझ्या आणि एका मित्राच्या जॉइंट खात्यात पडून आहेत आणि ग्रुपवर काही ठरत नाहीये. बहुमत गोल्ड मेडलकडे आहे, ऑर्थोमध्ये, म्हणजे हाडांच्या शाखेत, पहिल्या येणाऱ्या पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्याला). माझं म्हणणं असं की जो पहिला येतोय तो मेडल नसलं तरी येणारच आहे की.

मला हे पैसे ऑर्थो घ्यावं की नाही या विचारात असलेल्या मुलींसाठी वापरायचेत. बॅचमधून ऑर्थोला गेलेली मी एकटीच मुलगी. आजही आसपासच्या कुठल्याही ऑर्थोच्या कॉन्फरन्सला गेले की चहाच्या रांगेत पहिला प्रश्न येतो, "मिस्टर कुठे प्रॅक्टिस करतात?" मिस्टर बँकेत आहेत ओ, हाडं मी जोडते.

एक गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. मी पीजी केलं तिथे (कुठे ते सोडा) ओटीला (ऑपरेशन थिएटरला) दोन चेंजिंग रूम होत्या. एकीवर पाटी 'डॉक्टर्स', दुसरीवर 'सिस्टर्स'. मी तीन वर्षं सिस्टर्समध्ये कपडे बदलले, त्याचं काही नाही, सिस्टर लोकांनी मला घरच्यासारखं वागवलं. पण केसचं खरं बोलणं व्हायचं 'डॉक्टर्स'मध्ये, पायजम्याची नाडी बांधता बांधता. कुठला ॲप्रोच (हाडापर्यंत कुठून जायचं), प्लेट का नेल (हाडातली सळई), कोण काय करणार, सगळं तिथेच ठरायचं आणि मला ते कळायचं डायरेक्ट टेबलवर. माझे को-पीजी तोपर्यंत अर्धी केस मनात करून आलेले असायचे आणि मी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचा आकडा) धरून उभी. कुणी मुद्दाम करत नव्हतं बरं का, कुणाच्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एका सरांच्या ते लक्षात आलं. त्या दिवसापासून ते एक्स-रे घेऊन कॉरिडॉरमध्ये थांबायचे. पाच मिनिटं. "हे बघ, फ्रॅक्चर लाइन इथून जातीय, आता तू सांग पेशंट कसा झोपवायचा." त्या पाच मिनिटांवर मी ऑर्थोपेडिक सर्जन झाले असं मी मानते.

तर प्रश्न असा: ती पाच मिनिटं साडेतीन लाखात विकत मिळतात का, आणि मिळत असतील तर कशी?

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:५८

पहिला. मेडलच द्यायचं असेल तर लवकर द्या, सोन्याचा भाव बघता पुढच्या वर्षी पितळेचं द्यावं लागेल.

मेरिट_फक्त | रविवार, रात्री ११:२०

राग मानू नका पण मुलींना अडवलंय कुणी? नीट-पीजी प्रवेश परीक्षेत रँक आणा, काउन्सेलिंगला ऑर्थो भरा, सीट मिळते. सीट देताना कॉम्प्युटर बाई का बुवा बघत नाही. मुलींना गायनिक, पिडिया, डर्मा, रेडिओ आवडतं, त्या ते घेतात. त्यात भेदभाव काय आला? आणि खरं सांगू का, ऑर्थोला ताकद लागते. मांडीचं हाड ओढून बसवायचंय, पोळपाटावर चपाती नाही लाटायची.

पार्कचौक_ऑर्थो | सोमवार, सकाळी ७:०५

मी तीस वर्षं हेच काम करतोय त्यामुळे ताकदीचं माझ्यावर सोडा. निखळलेला खुबा बसवताना पेशंटचे स्नायू ढिले झाले नसतील तर तुम्ही पैलवान आणा, खुबा बसत नाही. भूल नीट असेल तर पेशंटच्या गुडघ्याखाली आपला गुडघा घालायचा, पाय टेबलावर टेकवायचा, टाच उचलायची, खुबा खटकन आत. ही सगळी तरफ आहे, आठवीच्या विज्ञानात असते. फीमर (मांडीचं हाड) ओढायला फ्रॅक्चर टेबल असतं, त्याला चाक असतं, ते फिरवायचं. रीमर (हाडाची आतली पोकळी रुंद करायचं हत्यार) बॅटरीवर चालतो. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत सगळ्यात जास्त स्क्रू फिरवून फिरवून खराब केले ते सगळ्यात दणकट पोरानं. हाडात स्क्रूला कुठं थांबायचं ते कळावं लागतं, पिळायचं नसतं.

मात्र कबूल करतो की तीस वर्षांत हाताखाली मुली आल्या दोन. आणि चेंजिंग रूमचं वाचून काल रात्री जरा अस्वस्थ झालो, आमच्याकडेही पाट्या तशाच आहेत.

हाडांची_बाई | सोमवार, सकाळी ७:३०

सर 🙏

मेरिट_फक्त, रँकचं बरोबर आहे तुमचं, सीटवर कुणी अडवत नाही. अडतं त्याच्या दोन वर्षं आधी. ऑर्थोची पोस्टिंग होते छोटी, त्यात मुलींना प्लास्टर रूमच्या दारात उभं करतात, मुलांना सांगतात "ये रे, पाय धर". जिनं एकदाही पाय धरला नाही ती काउन्सेलिंगच्या लिस्टमध्ये ऑर्थो कशाला भरेल? तिला ते आवडतं का नाही हे कळायलाच कुठं मिळालं?

बाल्टिमोर_ते_बार्शी | सोमवार, सकाळी ९:१५

मी इकडे अमेरिकेत भूलतज्ज्ञ आहे, माहेर बार्शी. माझं अर्धं आयुष्य ऑर्थोच्या ओटीत डोक्याच्या बाजूला बसून गेलंय, म्हणून लिहिते. तिकडे वाटतं अमेरिकेत सगळं पुढे गेलंय. मेडिकलला मुली निम्म्याहून जास्त झाल्यात २०१९ पासून. पण इथल्या ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या अकॅडमीच्या २०१८ च्या गणनेत बायका ६ टक्क्यांच्या आसपास होत्या. सगळ्या सर्जिकल ब्रांचमध्ये तळाला.

अकॅडमी सुरू झाली १९३३ ला. तेव्हा प्रॅक्टिस करणाऱ्या पुरुषांना थेट मेंबर करून घेतलं, आणि टेक्सासच्या डॉ. रूथ जॅक्सनना सांगितलं आधी बोर्डाची परीक्षा पास व्हा. बाईंनी ती दिली, १९३७ ला पास झाल्या आणि पहिल्या महिला सदस्य झाल्या. त्यांच्या नावानं १९८३ मध्ये महिला ऑर्थो सर्जन्सची सोसायटी निघाली. अकॅडमीला पहिली महिला अध्यक्ष मिळाली २०१९ ला, डॉ. क्रिस्टी वेबर. १९३३ ते २०१९, करा हिशोब.

आता पैशाचं. इथे या कामाला लागणारा पैसा सोसायट्या, फाउंडेशन, इम्प्लांट कंपन्या असा मिळून येतो आणि ग्रँटच्या रकमा बऱ्याचदा छोट्या असतात, पण जातात कुठे ते बघा. दोन उदाहरणं मला फार आवडतात.

एक म्हणजे पेरी इनिशिएटिव्ह, २००९ मध्ये एक इंजिनिअर बाई आणि एक हाताची सर्जन बाई यांनी मिळून काढलेलं. शाळेतल्या मुलींना एक दिवस बोलावतात, प्लास्टिकची हाडं, खरं ड्रिल, खऱ्या प्लेटा देतात आणि म्हणतात जोडा. मेडिकलच्या मुलींसाठी वेगळं सत्र असतं. नाव डॉ. जॅकलिन पेरींचं. त्या आधी सैन्यात फिजिओथेरपिस्ट होत्या, मग डॉक्टर झाल्या, पोलिओच्या पेशंटवर काम केलं आणि माणूस चालतो कसा याचा अभ्यास आज जगभर ज्या पद्धतीनं होतो त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

दुसरं एन्थ डायमेन्शन्स, २००४ पासून. डॉ. बॉनी सिम्पसन मेसन या स्वतः ऑर्थोपेडिक सर्जन, त्यांनी काढलं. मुली आणि कृष्णवर्णीय वगैरे कमी संख्येत असलेली मुलं, दोघांसाठी. मेडिकलच्या पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत आठ आठवडे एका सर्जनबरोबर राहायचं, छोटा रिसर्च करायचा, आणि त्याचा स्टायपेंड मिळतो. स्टायपेंड का, तर ज्या मुलाला सुट्टीत नोकरी करून घरी पैसे द्यायचेत तो फुकटात सर्जनमागे फिरू शकत नाही. फुकटच्या संधी श्रीमंतांच्या पोरांनाच परवडतात, ही गोष्ट त्यांना बरोबर कळली. आणि आठ आठवड्यांनी सोडून देत नाहीत, पुढे रेसिडेन्सी (तिकडची पीजीची जागा) मिळेपर्यंत मागे लागलेले असतात.

आणखी एक, जानेवारी २०२५ मध्ये इथल्या नव्या सरकारनं फेडरल पातळीवरचे डायव्हर्सिटीचे कार्यक्रम बंद करायचे आदेश काढले. म्हणून तुमचे साडेतीन लाख मला लहान वाटत नाहीत. खिशातले आहेत, कुणी आदेश काढून थांबवणार नाही.

मी माझे पन्नास हजार घालते. कुठे पाठवू?

नवीपेठ_सीए (निवृत्त) | सोमवार, दुपारी १२:४०

थांबा थांबा. ताई, तुमचा पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर एनआरआयचा पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) का असेना, तर तो परदेशी स्रोत आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते. "आपलीच माहेरवाशीण आहे" हे गृहमंत्रालयाला चालत नाही.

बाकी हिशोब ऐका. साडेतीन लाखाची एफडी, ७ टक्के धरले तर वर्षाला साडेचोवीस हजार. त्यातून मेडल होईल, माणूस होणार नाही. माझं मत विचाराल तर मुद्दल खा. पाच वर्षांत संपवायचं, वर्षाला सत्तर हजार. संपल्यावर काम दिसलं तर लोक परत देतात, नाही दिसलं तर बंद पडलेलं बरं. आणि तेवढ्यासाठी नवा ट्रस्ट काढू नका, धर्मादाय आयुक्तांकडे खेटे, दरवर्षी ऑडिट, माझ्यासारख्याची फी. कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत असेल तर तिच्यात वेगळं खातं करून टाका, लेखी ठराव घ्या. आणि आधी जॉइंट खात्यातून बाहेर काढा ते पैसे, व्याज तुमच्या रिटर्नमध्ये लागेल.

बाल्टिमोर_ते_बार्शी | सोमवार, दुपारी १:१०

पासपोर्ट अजून भारतीयच आहे काका 😄 पण बरं झालं विचारलंत.

ओटी_सिस्टर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

मी नाव सांगत नाही, बावीस वर्षं ओटीत आहे. मोठमोठं बोलताय तर बारकं सांगते. लेड ॲप्रन, एक्स-रेचे किरण अडवणारा. आमच्याकडं सगळे मोठ्या साइजचे. बारक्या अंगाची पोरगी घालते तेव्हा ते काखेत एवढं फाकतं की सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशीन) चालू असताना छातीची बाजू उघडीच. अमेरिकेत बायकांना ऑर्थोत छातीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून अभ्यास झालेत असं आमच्या एका मॅडमनी दाखवलं होतं, खात्रीचं कारण अजून ठरलं नाही म्हणाल्या पण काख झाकायला काय जातंय? बाह्यांचे ॲप्रन मिळतात. मग थायरॉइड कॉलर, तो पण गळ्यात पाटा टांगल्यासारखा. ग्लोव्ह्ज साडेसहाचे इंडेंटला (मागणीपत्रात) टाकले तरी येतात साडेसातच, मग बोटं लांब राहतात आणि स्क्रू निसटला की ओरडा पोरीला. उभं राहायला पायरी पण नसते, टेबल सरांच्या उंचीचं. दिवसभर हात खांद्याच्या वर करून सर्जरी करून बघा म्हणजे कळेल ताकद कुठं जाते.

आणि पोरगी गरोदर राहिली की सी-आर्मची लिस्ट, टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा), कुणी काही बोलतच नाही. ती पण घाबरून सांगत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत लपवलेलं मी बघितलंय.

पार्कचौक_ऑर्थो | सोमवार, रात्री ९:४५

सिस्टर, पायरीचं एवढ्या वर्षांत डोक्यात आलं नाही. उद्या सुताराला सांगतो, त्याला ग्रँट नको.

पूर्वभाग_इंटर्न | सोमवार, रात्री ११:५५

मी पहिल्यांदाच लिहितीये इथे, वाचत असते. सध्या इंटर्नशिप चालू आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू बोलतो, वडिलांचे चार लूम आहेत टॉवेलचे, आई आणि आजी विड्या वळायच्या, आजी अजूनही वळते. मला ऑर्थो आवडतं हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, इथे सांगतीये.

कारण काय तर ओपीडीत गुडघ्याच्या सगळ्या बायका माझ्या आजीसारख्या असतात. दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. त्यांना विचारलं कुठं दुखतं तर त्या म्हणतात "सगळंच". एकदा एक आजी सरांना काहीच सांगेना, साडी वर घ्यायला तयार नाही, मी जवळ बसून तेलुगूत विचारलं "नोप्पी एक्कड?" आणि त्या बोलायला लागल्या त्या थांबेनातच. गुडघा नव्हताच त्यांचा, दुखणं कंबरेतून येत होतं. सर म्हणाले छान, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी तेवढ्या "छान"वर आठवडाभर खूश होते, हसू नका.

पण मला माहितीच नाही की ऑर्थो हवं असेल तर काय करायचं असतं, कुणाला विचारायचं. मुलं संध्याकाळी सरांच्या प्रायव्हेट ओटीला जातात केसेस बघायला, गाडीवर मागे बसून. मी कुणाच्या गाडीवर बसून रात्री दहाला घरी आले तर आमच्या गल्लीत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मोहोळचा_पाटील_नाही | मंगळवार, सकाळी ८:३०

पूर्वभाग ताई, रिक्षाचे पैसे हा पण ग्रँटचा विषय आहे हे लिहून ठेवा कुणीतरी.

मी पुरुष आहे, ऑर्थो केलंय, आणि मला थोडं वेगळं बोलायचंय. धागा नुसता मुलींचा करू नका. घरात मी पहिला डॉक्टर, पहिला ग्रॅज्युएट पण. आईबाप ऊसतोडीला जायचे. रिझर्व्हेशननं मला सीट दिली, उपकार नाही हक्क होता, पण सीटच्या पुढचं काही दिलं नाही. ज्यांचे वडील डॉक्टर त्यांना जेवणाच्या ताटावर कळायचं की आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस नावाची स्कीम असते, एमबीबीएसला असतानाच दोन महिने गाइडच्या हाताखाली रिसर्च करायला पैसे मिळतात. १९७९ पासून चालू आहे ती. मला कधी कळलं? इंटर्नशिप संपल्यावर! थिसिसला पण मदत मिळते आयसीएमआरची, ते मला माझ्या ज्युनिअरनं सांगितलं. पैसा सरकारनं ठेवलेला असतोय बे, आपल्याला दाराचा नंबर माहीत नसतो. म्हणून माझं मत, तुमचे पैसे कमी आहेत तर ते दार दाखवायला वापरा.

मेरिट_फक्त | मंगळवार, सकाळी १०:१०

चपातीचं वाक्य मागे घेतो, बायकोनं पण वाचलं आणि काल जेवायला भात होता. पण प्रश्न राहतोच, पाच वर्षांनी मोजणार काय? किती जणींनी ऑर्थो घेतलं ते? आणि घेतलं नाही तर पैसे वाया म्हणायचे का? दोन मुलींनी महिनाभर बघून "नको रे बाबा" म्हणून रेडिओ घेतलं तर?

हाडांची_बाई | मंगळवार, रात्री १०:२०

तर मी त्याला वाया म्हणणार नाही. बघून नको म्हणणं आणि न बघता नको म्हणणं यात फरक आहे. पण मोजायचं बरोबर आहे तुमचं, मी तीन गोष्टींची वही ठेवणार: किती जणी आल्या, किती जणींनी स्वतः हात घातला, आणि वर्षभरानं किती जणी अजून फोन करतात.

सगळं वाचून आज बॅचच्या ग्रुपवर टाकलं. भांडणं झाली, एकानं "मेडलला फोटो तरी येतो" असं खरंच लिहिलं. पण ठरलं. मुद्दल खायचं, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, वर्षाला सत्तर. माजी विद्यार्थी संघटनेशी मित्र बोलतोय. पहिल्या वर्षी दोन बाह्यांचे ॲप्रन बारक्या साइजचे, कॉलरसकट, आणि ते कपाटात कुलूपबंद नाही, नाव लिहून खुंटीवर. भाव काढतेय, त्यात बराच पैसा जाईल, जाऊ दे. मग सहा जणांना महिनाभर संध्याकाळी ओटी बघायला जायचा रिक्षाखर्च. चार मुली आणि दोन घरातले पहिले डॉक्टर, मोहोळकर तुमच्यासाठी. एसटीएसचा फॉर्म भरायला बसायची एक संध्याकाळ, ती फुकट, ती मोहोळकर घेणार. घेणार ना?

आणि मेंटॉर म्हणून जो नाव देईल त्याला मानधन नाही, सर्टिफिकेट नाही, फक्त एक अट. केसच्या आधी पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये. 'डॉक्टर्स' पाटीच्या आत नाही, बाहेर.

पार्क चौक सर, तुमचं नाव मी न विचारता पहिलं लिहिलंय.

पार्कचौक_ऑर्थो | मंगळवार, रात्री १०:४१

लिहा. पाटी पण बदलतोय, 'पुरुष' आणि 'महिला'. पंधरा मिनिटांचं काम होतं, इतकी वर्षं लागली.

मोहोळचा_पाटील_नाही | मंगळवार, रात्री १०:५०

घेतो की. चहा तुमचा.

ओटी_सिस्टर | बुधवार, सकाळी ६:५०

ॲप्रनची घडी घालू देऊ नका कुणाला, आतलं लेड तडकतं. खुंटीवरच.

हाडांची_बाई | बुधवार, रात्री ९:३०

पुढच्या रविवारी सकाळी दहाला पहिलं सत्र, ड्रिल आणि स्क्रूचं. जागा मिळालीय. प्लास्टिकची हाडं परवडत नाहीत, बोकडाची आणायला ग्रुपमधल्या शाकाहारी मंडळींचा विरोध आहे, त्यामुळे बांबू आणि पीव्हीसी पाइप. एका कंपनीच्या पोरानं जुन्या प्लेटा आणि स्क्रू द्यायचं कबूल केलंय. ओटीचं ड्रिल बाहेर काढता येणार नाही, साधं हँडड्रिल लागेल दोन-तीन.

पूर्वभाग_इंटर्न | बुधवार, रात्री ९:५२

मॅडम ड्रिल आमच्या घरी आहे, लूमच्या कामाचं. आज वडिलांना सांगितलं कशाला पाहिजे ते. ते काही बोलले नाहीत, पण आत्ता बाहेर बसून त्याला तेल घालतायत. आणू का?

हाडांची_बाई | बुधवार, रात्री ९:५५

आण. बिट ३.२ मिमीचा आहे का बघ, साडेचार मिमीच्या स्क्रूला तोच लागतो.